लिदुईनाच्या अंगावरचं कापड

माझी भाची ओदीलिया चित्रकार आहे. सुरुवातीला हे मी कुणाला सांगत नसे. शाळेत शिकवते, एवढंच म्हणायचे. चित्रकार म्हटलं की लोक पुढे विचारतात, काय काढते, आणि ते सांगता सांगता माझीच दमछाक व्हायची.

माझं नाव दोरा. केलुश शहरात स्टेशनाच्या मागे तळमजल्यावर माझं छोटं दुकान आहे. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, कोटाला नवं अस्तर घालणं असली कामं मी करते. ओदीलियाच्या चित्रांचे जोड मीच शिवते. तिची आई लिदुईना डोंगरातल्या कोविल्या गावची. तिथे लोकरीच्या गिरण्या आहेत, आणि लग्नाआधी लिदुईना तिथे रफूचं काम करायची. मागावरून कापड उतरलं की त्यातले तुटलेले धागे शोधून अशी भरून काढायची की भिंगातूनही दिसू नयेत. ओदीलियाचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ किंतीनु. आम्ही गिनीतल्या किन्यामेलचे. आमच्याकडे पुरुष मागावर वीतभर रुंदीच्या पट्ट्या विणतात आणि सहा पट्ट्या जोडून एक कापड करतात. मागाच्या फणीवरून त्याला आम्ही फणीचं कापड म्हणतो. पोर पाठीला बांधायला ते, लग्नात नवरीच्या खांद्यावर ते, आणि मेल्यावर अंगावरही तेच.

तर ओदीलिया काय करते, की एका बाजूला कोविल्याची करडी लोकर आणि दुसऱ्या बाजूला आमचं फणीचं कापड घेऊन मधोमध जोड घालायला लावते, आणि बरोबर त्या जोडावर माणसाचा चेहरा रंगवते. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. लोकर जाड, पट्टी सैल. माझ्या मशीनच्या किती सुया मोडल्या असतील देव जाणे. एकदा मी तिला म्हटलं, एकाच कापडावर काढ की बाई, माणसं काय दोन तुकड्यांची असतात का. ती ब्रश धुता धुता हसली नुसती. मग म्हणाली, "आत्या, किन्यामेलला पोरं माझ्यामागे गोरी गोरी करत धावतात. इथे बँकेतली बाई म्हणते, तुमची भाषा किती छान आहे, कधी आलात इकडे. मी म्हणते, तुमचीही छान आहे, तुम्ही कधी आलात. आता सांग, एका कापडावर कशी मावू?"

मी पुढच्या जोडाला सुई लावली.

गेल्या वर्षी तिचं पहिलं मोठं प्रदर्शन ठरलं. नदीकाठच्या जुन्या गोदामाचं दालन केलंय, तिथे. बेनेदिता नावाची एक बाई ते दालन चालवते. अकरा चित्रं हवी होती, दहा झाली होती. अकरावं लिदुईनाचं होणार होतं आणि तेच काही केल्या होईना. लिदुईनाला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ओदीलियानं लोकरीवर काढून पाहिलं, म्हणाली आई फारच गावाकडची दिसते. बाजारातून नवं फणीचं कापड आणून त्यावर काढलं, तर कापडाच्या रंगापुढे आईचा चेहराच दिसेना. दोन्ही गुंडाळून तिनं कोपऱ्यात टाकली.

किंतीनु तेव्हा इथे नव्हता. आमच्या किन्यामेलच्या घराचं छप्पर गळायला लागलं होतं, ते नीट करून घ्यायला तो दीड महिना तिकडे गेला होता. घराची चावी ओदीलियाकडे. एका सकाळी ती एक कापड छातीशी धरून माझ्या दुकानात आली. बाबांच्या पेटीत हिवाळ्याच्या पांघरुणांखाली सापडलं, म्हणाली. टेबलावर पसरलं.

पांढऱ्यावर निळी नक्षी, मासळीच्या काट्यासारखी. पांढरं आता लोण्याच्या रंगाचं झालेलं. मी ते बघताक्षणी ओळखलं. तिनं विचारलं, कुणाचं आहे हे, घेऊ का. तेव्हाच मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, गावाकडचं जुनं कापड आहे, पडूनच आहे, घे.

का म्हटलं, ते आता सांगते.

ते कापड किंतीनुनं विणलेलं. देश सोडायच्या आधीच्या वर्षी, चोविसाव्या वर्षी, आमच्या आईसाठी. आई म्हातारी होती, आपण परत येईपर्यंत ती राहील न राहील, म्हणून त्यानं ते तिच्या शेवटासाठी विणून ठेवलं. आमच्यात प्रत्येक मूल आईच्या अंगावर आपलं कापड घालतं. जितकी कापडं, तितकी माया. पाच वर्षांनी आई गेली तेव्हा किंतीनु इथे इमारतींची कामं करत होता आणि त्याच्याकडे कागदपत्रं नव्हती. गेला असता तर परत येता आलं नसतं. घरात मी होते. मी आईच्या अंगावर माझं घातलं, मामांचं घातलं, शेजाऱ्यांचीही घातली. किंतीनुचं हातात घेतलं आणि माझ्यानं ते घालवेना. पाच वर्षांत भावाचा चेहरा पाहिला नव्हता. त्याच्या हातचं तेवढंच घरात होतं. ते मातीत घालायचं? मी घडी करून माझ्या ट्रंकेत ठेवलं. दोन वर्षांनी मी इकडे आले तेव्हा ते त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, आईनंच शेवटी सांगितलं होतं, किंतीनुचं किंतीनुला द्या.

त्यानं ते तोंडावर धरलं. बराच वेळ. मग म्हणाला, आता हे माझ्यासाठी राहू दे, माझ्या अंगावर घाला.

एकदा तोंडातून गेलं की खोटं परत गिळता येत नाही. तो ते कापड दर वर्षी, पोरगी घरात नसताना, काढून उन्हात घालायचा आणि मी त्या दिवशी त्याच्याकडे जाणं टाळायचे. म्हणून ओदीलियानं ते टेबलावर पसरलं तेव्हा मला वाटलं, घेऊन जाऊ दे. रंग चढू दे त्याच्यावर. त्याच्याखाली माझंही झाकलं जाईल. इतका स्वार्थी विचार होता तो.

त्या कापडाची आणखी एक गोष्ट होती, ती ओदीलियाला ठाऊक नव्हती. लिदुईना वारली ती तिच्या माहेरी, कोविल्याला. पोरगी तेव्हा रॉटरडॅमला शिकत होती, ती पोहोचली ती थेट स्मशानातच. त्याआधी सकाळी, चर्चशेजारच्या खोलीत लिदुईनाला ठेवलं होतं तेव्हा किंतीनुनं पिशवीतून हेच कापड काढलं. स्वतःसाठी ठेवलेलं बायकोला द्यायला नेलं होतं त्यानं. निम्मं बाहेर आलं असेल नसेल, तोच लिदुईनाचा भाऊ पुढे झाला. आमच्यात असं नसतं, म्हणाला, लोक बघताहेत. आवाज चढवला नाही. पण हात मात्र पिशवीवर ठेवला. किंतीनुनं कापड परत आत घातलं. परतीच्या बसमध्ये ती पिशवी त्यानं मांडीवरून खाली ठेवली नाही. मला एवढंच बजावलं, पोरीला सांगू नकोस, तिला मामाचं घर राहू दे.

ओदीलियानं त्या कापडावर तीन आठवड्यांत आई काढली. मी रोज दुकान बंद केलं की जाऊन बघायचे. लिदुईना खुर्चीवर बसलेली, मान वाकवलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला आणि मांडीवर कापडाचा ढीग. रंग इतका पातळ लावला होता की गालांतून विणीचे धागे दिसत होते. आणि हातांना तिनं रंग लावलाच नव्हता. नुसती बाहेरची रेघ, आत कोरं कापड. सुई धरलेली ती बोटं किंतीनुच्या विणीचीच होती. बघून मी लगेच घरी निघाले. चित्र सुंदर झालं होतं, म्हणूनच निघाले.

किंतीनु गुरुवारी परतला, शनिवारी दुपारी प्रदर्शन उघडलं. तो लग्नातला कोट घालून आला. मीच त्याची बाही आखूड केलेली. एकेका चित्रापुढे थांबत, हात मागे बांधून, तो हळूहळू पुढे सरकत होता. लोकांना अभिमानानं सांगत होता, माझी मुलगी. शेवटच्या भिंतीपाशी आला आणि थबकला.

मी दारापाशीच होते.

त्यानं राखणदाराकडे खुर्ची मागितली. चित्रापुढे बसला. ओदीलिया घाईघाईनं आली, त्याच्या शेजारी उकिडवी बसली, विचारू लागली, आवडलं नाही का. तो चित्राकडेच बघत होता.

"हे कापड कुठून आणलंस?"

"तुमच्या पेटीतून, बाबा. आत्याला विचारलं होतं."

किंतीनुनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा चित्राकडे. "पेटीत अगदी तळाशी होतं ते," एवढंच म्हणाला. थोड्या वेळानं उठला, टोपी घातली आणि एकटाच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मी ओदीलियाला कोविल्याची सगळी हकिकत सांगितली. बाबांनी स्वतःच्या शेवटासाठी ठेवलेलं कापड, पिशवी, मामाचा हात, बस. ती जमिनीवरच बसली. म्हणाली, मी बाबांचं कफन रंगवलं. आत्ताच्या आत्ता खरवडून काढते, धुऊन टाकते. मी सांगितलं, रंग धाग्यात शिरलाय, आता निघायचा नाही, कापडच फाटेल. तरी ती निघालीच, बाबांकडे. मीही मागोमाग गेले.

रेल्वेच्या रुळांपलीकडे उतारावर आमच्या लोकांच्या वाफ्यांच्या बागा आहेत. किंतीनुचाही एक वाफा आहे. रताळी, भेंडी, मका. तो कुदळीनं वरंबे ओढत होता. ओदीलिया त्याच्यासमोर उभी राहिली आणि बोलायच्या आधीच रडायला लागली. माफ करा, माफ करा, एवढंच. त्यानं कुदळ टेकवून ठेवली. मातीचे हात पँटीला पुसले, तरी तिच्या डोक्यावर ठेवायला धजेना, म्हणून मनगटानंच तिचे केस बाजूला केले.

"मी तेव्हा ते तिच्या अंगावर घालायला नेलं होतं," तो म्हणाला. "घालू दिलं नाही. काल बघतो तर ती त्यातच बसलीये, चष्मा लावून. तुला यातलं काही माहीत होतं?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मग रडतेस कशाला? मी रागावलो नाही. मला बोलताच येईना काल. आणि हात तसेच ठेवलेस ते बरं केलंस."

त्यावर बापलेक दोघंही रडली. मी बाजूला भेंडीच्या झाडांशी उभी. त्या दोघांकडे बघून माझ्या मनानं घेतलं की आज सगळंच माफ होतंय. मी पुढे झाले आणि तिथेच, उभ्या उभ्या, अडतीस वर्षांचं सांगून टाकलं. आई काही बोलली नव्हती. कापड मीच काढून ठेवलं होतं.

किंतीनु ऐकत राहिला. त्याचा चेहरा रागावल्यासारखाही झाला नाही, नुसता रिकामा झाला.

"म्हणजे आईनं परत पाठवलं नव्हतं, आणि तरी तिच्या अंगावर माझं काहीच नव्हतं," तो म्हणाला.

मी म्हटलं, इतरांची पुष्कळ होती. हे बोलले आणि जीभ चावली.

"इतरांची," तो म्हणाला. कुदळ उचलली आणि पुढचा वरंबा ओढायला लागला.

त्यानंतर तीन महिने तो माझ्याशी बोलला नाही. रविवारी मी शेंगदाण्याचं कालवण आणि भात पाठवायचे, ते डबे घासूनपुसून ओदीलियाच्या हाती परत यायचे. खाल्लं की टाकलं, कळायला मार्ग नाही. ओदीलिया म्हणायची, आत्या, खातात गं, पण तुझं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढवतात. मला त्याचा राग येत नव्हता. त्यानं आईचं शेवटचं दर्शन गमावलं, तेव्हा निदान कापड तरी गेलं असेल या समजुतीवर दिवस काढता आले असते. मी त्याला तेवढंही ठेवलं नव्हतं. उलट आई आपल्याला विसरली नाही, असं एक खोटं सुख दिलं होतं.

एक दिवस ओदीलिया सांगत आली की बाबा बागेत माग उभा करताहेत. इमारतीच्या कामावरच्या परांचीच्या फळ्या, जुन्या शिडीचे दांडे, सायकलचं चाक. फणी त्यानं गावाहून मागवली. चाळिसाहून जास्त वर्षांत त्यानं मागाला हात लावला नव्हता. उतारावरची सगळी म्हातारी मंडळी बघायला जमायची आणि फुकटचे सल्ले द्यायची. उभ्या धाग्यांचा ताणा दोनदा गुंतला, दोनदा त्यानं कापून टाकला. तिसऱ्यांदा बसला.

पण नक्षीचं कापड एकट्यानं होत नाही. समोर दुसरं माणूस लागतं, नक्षीच्या काड्या मोजून उचलायला. त्यानं शेजारच्या वाफ्यातल्या ऑगुश्तुला बसवून पाहिलं. ऑगुश्तुला डोळ्यांनी दिसेना, काड्या भलत्याच उचलायचा आणि वर वाद घालायचा. तासाभरात दोघांचं भांडण झालं. दुसऱ्या एकाला बसवलं तर त्याचे गुडघे धरले. ओदीलिया आठवडाभर हे बघत होती. शेवटी म्हणाली, मी बसते.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमच्यात बायका मागावर बसत नाहीत. बाई बसली तर धागा तुटतो म्हणतात, आणखीही काय काय म्हणतात. ऑगुश्तुनं तेच तोंडातल्या तोंडात पुटपुटलं.

किंतीनुनं हातातला आडव्या धाग्याचा धोटा खाली ठेवला. "हिच्या आजोळी गिरणीत बायकाच माग चालवायच्या," तो म्हणाला. "माझ्याकडून हिला बसता येत नाही, आईकडून येतं. तू अर्धी बस."

ओदीलिया हसत हसत समोरच्या पाटावर बसली. ऑगुश्तु म्हणाला, कुठली अर्धी ते तरी सांग. किंतीनु म्हणाला, जी काड्या मोजेल ती.

हे मला ओदीलियानं सांगितलं. मी तिकडे फिरकत नव्हते, पण दुकानातून येता-जाता रुळांवरच्या पुलावर थांबून लांबून बघायचे. बाप या टोकाला, लेक त्या टोकाला, मधे ताणा. ती चुकली की तो धोटा हवेत धरून थांबायचा. ओरडायचा नाही. ती मोजून पुन्हा काड्या उचलायची. शाळा सुटली की रोज ती यायची. तिची बोटं सोलवटली, ती चिकटपट्टी लावून आली. त्या दिवसांत तिनं एकही चित्र काढलं नाही. बेनेदिताबाईंचे फोन यायचे, एका संग्रहालयाला लिदुईनाचं चित्र हवं होतं. ओदीलियानं बापाला विचारलं. तो म्हणाला, देऊन टाकायचं नाही. पण कोंडूनही ठेवू नकोस, फिरू दे, तिला फिरायला आवडायचं. तेव्हापासून ते चित्र जातं आणि परत येतं. येत्या वसंतात कोविल्याला जायचंय. ओदीलियानं मामाला पत्र लिहिलंय. अजून उत्तर नाही.

ऑक्टोबरात एका सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं तर किंतीनु बाहेर उभा. हातात सहा पट्ट्यांची गुंडाळी. आत आला, टेबलावर ठेवली.

"शीव," तो म्हणाला.

मी मशीनकडे वळले. तो म्हणाला, "हातानं."

मी हातानं शिवलं. तो समोरच्या स्टुलावर बसून राहिला. गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यानंच सांगितलं, उद्या या. नक्षी मासळीच्या काट्याचीच होती. सुरुवातीची एक पट्टी जराशी वाकडीतिकडी, काड्या चुकलेल्या दिसत होत्या. शेवटच्या सरळ, घट्ट. मी विचारलं, ही वाकडी कडेला घेऊ का, झाकली जाईल. तो म्हणाला, मधे घे, आईला कळू दे नातीनं काय केलं. दुपार झाली तेव्हा मी धागा तोडला. मग तो म्हणाला, कोरडे दिवस लागले की किन्यामेलला जायचं, तिघांनी. तूही.

जानेवारीत आम्ही गेलो. नवं छप्पर चांगलं बसलं होतं. घरामागे काजूच्या झाडाखाली आईची जागा आहे. गावातले वडीलधारे आले, त्यांनी आधी उसाची दारू जमिनीवर शिंपडली, मग थडग्याशेजारी हातभर खोल खड्डा काढला. किंतीनु कापड घेऊन उभा होता. तो पुढे होईल म्हणून आम्ही वाट बघत होतो. तो माझ्याकडे आला.

"दोरा, तू ठेव," तो म्हणाला. "तूच काढून घेतलं होतंस."

मी ते हातात घेतलं. माझे गुडघे आता लवकर वाकत नाहीत, ओदीलियानं मला एका बाजूनं धरलं, किंतीनुनं दुसऱ्या. मी कापड खाली ठेवलं, घडी उघडून, आईच्या खांद्यावर घालावं तसं. किंतीनु आईशी आमच्या भाषेत बोलला. उशीर झाला म्हणाला. ही तुझी नात म्हणाला, लिदुईनाची मुलगी, हिनं समोर बसून काड्या उचलल्या. बहिणीवर रागावू नकोस म्हणाला, मी रागावून झालोय.

मग आम्ही तिघांनी हातांनीच माती लोटली. ओदीलियाच्या नखांत ती लाल माती अडकली होती, ती विमानात बसेपर्यंत तिनं धुतली नाही.